कड्याला पाणी लागलं

तोरणमाळला जायचं, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. कधी जायचं, तेवढंच ठरत नव्हतं. ठरवणं जितकं बारकाईचं, तितकं जाणं लांबणीवर, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं.

आम्ही तेव्हा शहाद्याला होतो. हे मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. लेक सासरी गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. हाताशी वेळ आणि डोळ्यांसमोर उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. सकाळी तुळशीला पाणी घालून सूर्याला अर्घ्य दिलं की माझी नजर आपोआप त्या भिंतीकडे जायची.

माझं माहेर माणदेशातलं. आमच्या गावच्या आडाला तळ दिसत नसे, नुसता काळोख दिसे. पोहरा सोडला की तो खाली टेकल्याचा आवाज यायला इतका वेळ लागे, की मधे आईचा एक अभंग अर्धा म्हणून होई. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी माझे तळवे पाहून विचारलं होतं, तुला नांगर धरायला लावत होते का? पाणी ही ओढून काढायची वस्तू, असंच मी धरून चालले होते. शहाद्याला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तोरणमाळच्या सरकारी बंगल्याचा खात्या नावाचा चौकीदार पगारासाठी खाली आला. वरच्या पाड्यातला पावरा जमातीचा माणूस, बोलणं मोजकं. कचेरीतून आमच्या ओसरीवर येऊन टेकला, मी त्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिलं. त्यानं तांब्या रिकामा केला आणि सहज सांगितलं, की वर तळं भरून सांडलं म्हणजे कड्यावरून पाणी पडतं. दिवसरात्र पडतं. कोणी शेंदत नाही.

कोणी शेंदत नाही. हे तीन शब्द माझ्या डोक्यात जे बसले ते बसलेच. मी काही मागणारी बाई नव्हे. पण त्या रात्री यांना म्हटलं, मला ते पाणी बघायचंय.

हे म्हणाले, "बघू की. त्यात काय."

त्यात पुष्कळच काय काय निघालं. पाणी असतं तेव्हा वाट नसते आणि वाट होते तेव्हा पाणी नसतं, हा पहिला शोध. पावसाळ्यात पायथ्यापर्यंतची सडक चिखलात जाई. दिवाळीनंतर सडक कोरडी व्हायची आणि कडाही. मागच्या साली महाशिवरात्रीच्या जत्रेला मात्र हे मला घेऊन गेले. गोरक्षनाथाचं दर्शन झालं, मन भरलं. मग कड्यावर नेऊन यांनी छत्रीच्या टोकानं दाखवलं, हे बघ, इथून पडतं. मी पाहिलं. तापलेला दगड, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत एक काळा ओघळ. आटलेल्या पाण्याचा डाग बघून मी घरी आले. हे मात्र तेव्हापासून चारचौघांत सांगू लागले, की आमच्या घरच्यांचा धबधबा बघून झालाय.

त्यातच यांची बदली ठरली. यांनीच अर्ज करून मागितली होती, आपल्या मुलखाजवळ हवी म्हणून. दसऱ्यानंतर सोलापूरकडे जायचं. म्हणजे पुन्हा आड, पुन्हा पोहरा. तेव्हा मी यांना म्हटलं, की आता हा एकच पावसाळा उरला. हे माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांना खरोखरच लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर बेत सुरू झाले.

बेतात मुख्य माणूस मुनव्वरभाई. शेजारच्या गल्लीत राहायचे, त्यांची स्वतःची मोटार होती आणि ती ते उतारू भरून तापीच्या काठापर्यंत चालवायचे. त्यांची बायको जाहेदा माझी मैत्रीण. तिच्या घरचं मी खात नसे, माझ्या नेमधर्माचं तिला ठाऊक होतं, तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. परसातल्या भिंतीपलीकडून ती बोलायची, अलीकडून मी. बेतात तिनं स्वतःला परस्पर घालून घेतलं होतं. मोटार आपली, मग आपण का घरी बसायचं, असं तिचं म्हणणं.

तर पुरुषमंडळी ओसरीवर सडकेचा विचार करत. कुठल्या नाल्याला उतार आहे, कुठं बैल लावून मोटार ओढावी लागेल, पायथ्यापासून वर डोली करायची की चालायचं. मी आत चहा ठेवायची. चहा झाला की पुन्हा पहिल्या नाल्यापासून सुरुवात. मुनव्वरभाईंना सरळ बोलायची सवय होती. एकदा ते म्हणाले, "भाऊसाहेब, मोटार मी नाल्यात घालतो, तुम्ही फक्त दिवस सांगा." पण दिवस हीच तर यांची अडचण होती.

अखेर ठरलं ते असं. श्रावणात मधूनच चार दिवस उघाड पडते. वरचं तळं भरून कड्यावरून पाणी पडायला लागलं की खात्यानं निरोप धाडायचा. खाली उघाड असली की त्याच पहाटे निघायचं. खात्याला तसं पक्कं सांगून झालं. त्यानं मान हलवली.

निरोपाची वाट बघण्यात आषाढ गेला. नुसती वाट बघितली असती तर बरं, पण यांना धीर नाही. आकाश जरा उजळलं की म्हणायचे, उद्या निघूच, निरोप वाटेत भेटेल. मी दुधात कणीक भिजवून दशम्या करायची, कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं, सगळं फडक्यात बांधून ठेवायची. पहाटे पाऊस. दशम्या मग कचेरीच्या शिपायांत वाटायच्या. असं इतक्या वेळा झालं की जाहेदा भिंतीवरून म्हणायची, भाभी, आज तव्यावर दूध जळाल्याचा वास येतोय, म्हणजे छत्री काढायला हवी. मला हसू येई आणि रडूही. देवाजवळ बसले की मी पाऊस मागू की उघाड, हेच कळत नसे. दोन्ही एकदम मागणं म्हणजे देवालाच पेचात टाकणं.

चातुर्मासाचा माझा नेम त्या वर्षी मुक्या जेवणाचा होता. ताटावर बसल्यापासून चूळ भरीपर्यंत शब्द काढायचा नाही. निघाला, तर तिथेच उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. ताटात एक शितही टाकायचं नाही, हे त्यातच आलं. जाहेदाला हा नेम फार गमतीचा वाटायचा. ती म्हणाली, "भाभी, तुम्ही बोलतस तवय तरी कोनले ऐकू येस?"

खोटं नव्हतं. माझा आवाज मुळातच बारीक. यांच्या कानापर्यंत पोचायच्या आत तो कुठंतरी बसून जायचा.

श्रावणातला सोमवार होता. दिवसभराचा उपास, दिवे लागायच्या सुमारास मी ताटावर बसले. त्या दिवशी दुपारपासून आभाळ स्वच्छ झालेलं, सातपुड्याची भिंत धुतल्यासारखी. हे जेवण उरकून ओसरीवर पान लावत होते. मधलं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. कचेरीतला शिपाई लोटन आला. बाजारात पायथ्याकडचा गाडीवान भेटला, त्यानं निरोप आणला होता.

लोटन म्हणाला, "भाऊसाहेब, खात्यानी सांगी धाडेल शे. कड्याले पानी लागनं."

माझा हात घासासकट थांबला. आणि तोच मी यांना म्हणताना ऐकलं, "अरेरे. खात्याला?"

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडच्या माणसांना अक्राणीच्या, म्हणजे तोरणमाळच्या त्या डोंगराळ मुलखाच्या, पाण्याची फार धास्ती. डोंगरातलं पाणी लागतं, म्हणजे हिवताप येतो आणि माणूस हातचा जातो, हे प्रत्येक नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी सांगत. यांच्या आधीचे अव्वल कारकून त्यातच वारले होते. शिवाय यांना इथली अहिराणी कधी आलीच नाही. कचेरीत सगळे यांच्याशी शुद्ध बोलायला बघत. मी भाजीवाल्यांशी, धुणेवालीशी, जाहेदाशी बोलून शिकले होते. मला कडा स्पष्ट ऐकू आला. यांना खात्या ऐकू आला.

"कधीपासून?" यांनी विचारलं.

"तीन-चार दिन व्हई ग्यात."

"जोर किती आहे?"

"भलता जोर शे, भाऊसाहेब. रातभर आवाज येस."

हे माझ्याकडे वळून हळहळत म्हणाले, "ऐकलंस? वात झालाय त्याला. रात्रभर बरळतोय." मग पुन्हा लोटनला विचारलं, "थंडी?"

लोटन जरा गोंधळला, पण म्हणाला, "थंडी ते वर ऱ्हासच." आणि आठवून म्हणाला, "खात्या वाट दखी ऱ्हायना."

"बघणारच. औषधाची वाट बघतोय बिचारा."

मी ताटावरून हातवारे सुरू केले. डावा हात डोक्याच्या वर नेला आणि बोटं हलवत हलवत जमिनीपर्यंत आणली, पाणी पडतं तशी. पुन्हा वर, पुन्हा खाली. यांनी पाहिलं. यांचे डोळे भरून आले, इतका हा मनानं चांगला माणूस. म्हणाले, "उतरेल, उतरेल. ताप उतरेल त्याचा. तू जेव."

मी मान जोरजोरात हलवली. नाही, नाही. यांना वाटलं मी म्हणतेय जगायचा नाही. यांचा चेहरा आणखीच पडला. लोटनला घेऊन हे लगबगीनं कचेरीकडे गेले, तिथं हिवतापावरच्या सरकारी कोयनेलच्या गोळ्या असत.

ताटात भात होता, वरून ताक. उपासाच्या दिवसाचं एकच जेवण, म्हणून मीच जरा सढळ वाढून घेतलेलं. मी इतक्या भराभर कधी जेवले नाही. घशात घास अडकले, डोळ्यांत पाणी आलं, पण ताट पुसून काढलं, चूळ भरली, आणि तशीच ओसरीवर धावले. गल्लीत कोणी नव्हतं. लोटन त्याच गाडीवानाच्या गाडीतून गोळ्या घेऊन पायथ्याकडे रवाना झाला होता. हे मुनव्वरभाईंकडून परत येत होते.

मी म्हटलं, "अहो, तो खात्या नाही म्हणाला. कड्याले म्हणाला. कड्याला पाणी लागलंय."

हे पायरीवर थांबले. "काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं.

"कड्याला पाणी लागलं असं कोणी म्हणतं का?" हे समजुतीच्या सुरात म्हणाले. "पाणी लागतं विहिरीला, नाही तर माणसाला. कड्याला कसं लागेल?"

"इकडे म्हणतात."

"तू उपाशी होतीस दिवसभर. कानात दडे बसतात. उद्या विचारू लोटनला."

"लोटन तर गेला."

"मग आल्यावर विचारू," हे म्हणाले. आणि तेव्हाच कळलं, की मुनव्वरभाईंना हे सांगून आले होते, वर साथ आहे, आपलं जाणं रहित. मुनव्वरभाईंनी तत्क्षणी मोटार कापसाचे व्यापारी रतिलालशेट यांना पुढच्या काही दिवसांसाठी देऊन टाकली. गिऱ्हाईक ताटकळत होतंच.

ते दिवस मी विसरणार नाही. असं ऊन श्रावणात कोणी पाहिलं नसेल. लोकांनी गोधड्या वाळवल्या. गल्लीतल्या चिखलाची खपली धरली. सडकेवरून बैलगाड्या धूळ उडवत गेल्या. धूळ! मी रोज अर्घ्य देताना उत्तरेकडे बघायची, तिथं त्या निळ्या भिंतीच्या आत कुठंतरी पाणी आपणहून पडत होतं, रात्रभर आवाज करत होतं, आणि मी इथं तांब्या धरून उभी. रागावणं माझ्या नेमात बसत नव्हतं. पण त्या दिवसांत माझ्या हातून दोन वाट्या आणि एक बरणी फुटली. हे म्हणाले, जपून गं.

जाहेदाला मी सगळं सांगितलं. ती हसत सुटली, मग माझं तोंड बघून गप्प झाली. तिनं मुनव्वरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, भाभींचं बरोबर असणार, पण मोटार आता दिलेली, शब्द दिलेला. शब्दाचं मला कळत होतं. शब्दानंच तर सगळं झालं होतं.

लोटन परत आला तो पावसाबरोबरच, पोतं पांघरून. यांनी अधीरपणे विचारलं, खात्या कसा आहे. लोटन म्हणाला, बरा शे, त्याले काय व्हयेल शे? हे म्हणाले, मग औषध का घेऊन गेलास? लोटननं ओलं पोतं खुंटीला अडकवलं आणि शांतपणे सांगितलं, "गोया ते तुम्हीच दिध्यात." गोळ्या पायथ्याच्या पाटलाकडे दिल्या, त्यानं वर धाडल्या. वर जाणाऱ्या माणसांना सरकार गोळ्या देतंच, त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटलेलं.

यांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग म्हणाले, "तूच जरा मोठ्यानं सांगायचंस."

मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळ निवडायला घेतली. निवडलेलीच डाळ होती ती.

त्यानंतर पावसानं ठाण मांडलं. गोमाई नदीला पूर आला, सडकेवरचा एक नाला गाडीचा बैल घेऊन गेला अशी बातमी आली. गणपती बसले, उठले. बदलीचा हुकूम हातात पडला. मी भांडी गोणपाटात बांधू लागले. ओसरीवरचे बेत आता सामान कसं न्यायचं याचे होते, त्यातही पहिल्या नाल्यापासूनच सुरुवात. मी मनाला समजावत होते, की बाई, तुला कडा दिसला, पाणी नाही दिसलं, पुष्कळांना तेवढंही दिसत नाही. असं समजावलं की मन क्षणभर ऐकतं आणि मग जास्तच उसळतं.

पितृपंधरवडा लागला आणि एका बाजारच्या दिवशी खात्या दारात उभा राहिला. उघाड होती. तो रात्रीच डोंगर उतरून, पायथ्याहून चालत आला होता. त्यानं कमरेची पुडी सोडून ओसरीवर ठेवली. तीत कोयनेलच्या गोळ्या होत्या, थोड्या कमी.

त्याची तक्रार अशी होती. त्यानं सांगून धाडलं होतं, त्याप्रमाणे बंगला झाडला, वाटेतलं गवत कापलं, डोलीला माणसं बोलावली. भाऊसाहेब तर आले नाहीत, उलट गोळ्या आल्या. सरकारनं धाडल्यात म्हणजे घ्यायला हव्यात, म्हणून घेतल्या. तर कान वाजायला लागले. कड्याचा आवाज कानात शिरला की कानाचा आवाज कड्यात, काही समजेना. बायको म्हणाली, तू काहीतरी गुन्हा केला असशील, खाली जाऊन विचारून ये. तर तो विचारायला आला होता, की त्याचा गुन्हा कोणता.

हे अगदी ओशाळे झाले. खात्याला यांनी बसवलं, समजावलं, की चूक झाली, ऐकण्यात चूक झाली. खात्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या तोडक्या बोलीत म्हणाला, भाऊसाहेब, आम्हाला ते पाणी कधी लागत नाही. तुम्हालाच लागतं. आणि हसला. पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिलं.

मी दारात उभी होते. मी विचारलं, "कड्याला पाणी आहे का अजून?"

तो म्हणाला, "आज शे."

"उद्या?"

त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

हे आता सावध झाले. मला ते चिन्ह ओळखू येत होतं, पान लावायचा डबा पुढे ओढला की बेत सुरू. हे म्हणाले, पंधरवडा संपू दे, नवरात्रात बघू. मी म्हटलं, नवरात्रात निघायची तयारी. हे म्हणाले, रजा मागायला हवी, मामलेदारसाहेब फिरतीवर आहेत. मी म्हटलं, मग विचारणारं कोणीच नाही. हे म्हणाले, अगं पण पितरांच्या दिवसांत मौजेला जायचं का? तू एवढी नेमाची बाई.

माझ्या डोळ्यांसमोर आड आला. काळोखात पोहरा सोडून उभी असलेली आई आली, तिची आई आली. त्यांच्यापैकी कोणीही पाणी आपोआप पडताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "पितरांना पाणीच द्यायचं असतं ना? त्यांच्या नावानं ओंजळ तिथं सोडीन. तुम्ही नाही आलात तरी मी उद्या जाणार आहे. जाहेदाबी आहे, खात्या आहे."

"काय म्हणालीस?" हे म्हणाले.

मी तेच पुन्हा म्हटलं, तितक्याच हळू. या खेपेला यांनी कान पुढे केला होता.

जाहेदा भिंतीपलीकडून ऐकतच होती. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, की मोटार आहे, मालक झोपलाय, उठवते.

पहाटे निघालो. मी दशम्या केल्या नाहीत, करायला वेळच नव्हता. भाजके दाणे आणि गूळ घेतला. हे पुढे मुनव्वरभाईंशेजारी, मागे जाहेदा, मी आणि खात्या. खात्या प्रथमच मोटारीत बसला होता आणि सगळ्यांत स्वस्थ तोच होता. पहिला नाला आम्ही अगदी सहज ओलांडला. इतक्या महिन्यांची चर्चा झालेला तो नाला, त्यात घोटाभर पाणी. हे म्हणाले, आज ओसरलंय. मुनव्वरभाईंनी नुसता भोंगा वाजवला.

तिसऱ्या नाल्यात मोटार बसली. मुनव्वरभाई उतरले, चाकाकडे पाहिलं आणि तिथेच दगडावर बसून त्यांनी विडी पेटवली. म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, बैल मिळेपर्यंत मी इथला पाटील. यांना परत फिरायचं होतं. यांनी छत्रीनं आभाळ दाखवलं, चिखल दाखवला, माझ्या पायांकडे बोट केलं. पण तोवर मी लुगड्याचा ओचा खोचून खात्याच्या मागून पलीकडे गेले होते, आणि जाहेदा बुरखा वर धरून, अल्लाचं नाव घेत, माझ्या मागून.

चढ फार उभा. डोली ठरवलेली नव्हतीच. थांबत, बसत, दाणेगूळ चघळत चढलो. जाहेदा मधेच म्हणे, भाभी, तुमच्या पितरांना खालच्या नाल्याचं पाणी चालत नाही का? यांच्या कॅनव्हासच्या बुटांत पाणी शिरून ते प्रत्येक पावलाला कुरकुरत होते, आणि हेही.

वर पोचलो तर धुकं. साधंसुधं नव्हे. खात्या पुढे चालला होता, त्याचं मुंडासं तेवढं दिसत होतं, खालचा खात्या नाही. आवाज मात्र येत होता. लांबून मला वाटलं वारा असेल. मग वाटलं, गाव जमलंय कुठंतरी. जवळ गेलो तसा तो आवाज पायांतून वर यायला लागला. कड्याच्या काठी आलो, खात्यानं हात आडवा केला, याच्या पुढे नाही. समोर कापूस. नुसता पांढरा कापूस, आणि त्यात तो आवाज.

आम्ही उभे राहिलो. पुष्कळ वेळ. काहीच दिसेना. मी पुढे वाकून ओंजळ धरली तर हवेतलेच बारीक थेंब जमले, तेवढेच आईच्या आणि तिच्या आईच्या नावानं सोडले. ते कुठं पडले, तेही दिसलं नाही.

हे म्हणाले, "आता काय करणार. आपल्या हातात होतं तेवढं केलं. उन्हं कलायच्या आत उतरायला हवं, मुनव्वरभाई खोळंबलेत." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "ऐकलंस ना पण? ऐकणंसुद्धा पुष्कळ झालं."

ऐकणं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. इतके महिने मी ऐकतच होते. ओसरीवरचं, भिंतीपलीकडचं, निरोपांतलं. तिथे एक ओला, शेवाळलेला दगड होता, त्यावर मी बसले.

"अगं, चल."

मी बसून राहिले. जाहेदानं माझ्याकडे पाहिलं आणि तीही बसली, कपड्यांना चिखल लागेल म्हणून ओरडणारी बाई, सरळ मातीतच. खात्या आधीच उकिडवा बसलेला. यांच्याकडे या प्रसंगाचा बेत नव्हता. हे थोडे पुढे गेले, मागे आले, घड्याळ काढलं, ठेवलं. मग बुटातलं पाणी काढायला पाठ करून एका पायावर उभे राहिले.

तेवढ्यात वारा फिरला. धुकं फाटलं, पुरतं नव्हे, खिडकीएवढं. आणि त्या खिडकीत ते होतं. वरून कुठून येतंय ते दिसत नव्हतं, खाली कुठं जातंय ते दिसत नव्हतं. मधला तेवढा तुकडा, लुगडं वाळत घालावं एवढा, पांढरा, आणि सारखा खाली जाणारा. जात होता आणि तिथंच होता. कोणी ओढत नव्हतं. कोणी दोर धरला नव्हता. मी पापणी हलवली नाही. मग धुकं पुन्हा मिटलं.

जाहेदानं माझा हात घट्ट धरला होता, तो तिनं सोडला नाही.

हे बूट चढवून वळले. आमची तोंडं पाहिली, समोरचा कापूस पाहिला. "दिसलं की काय? दिसलं ना? मग चला आता."

"पुरतं नाही दिसलं," मी म्हटलं. "बसा."

हे उभेच राहिले. मग छत्री मिटून, रुमाल अंथरून, माझ्या शेजारी दगडाच्या उरलेल्या भागावर टेकले.